कलत्या बाजूंची परडी: मायटर सॉवर लावायचे दोन कोन

चार फळ्या उभ्या ठेवून चौकोनी पेटी करायची असेल तर हिशोब असा काही लागत नाही. मायटर सॉचं, म्हणजे कोनात कापणाऱ्या विजेच्या करवतीचं, पातं ४५ अंशांवर कलतं करायचं, आठ टोकं कापायची, फेविकॉल लावून बांधायचं. खरी गोची बाजू बाहेरच्या अंगाला झुकवल्यावर होते. देवाच्या फुलांची परडी, तुळशीच्या कुंडीभोवतीचं लाकडी कव्हर, षटकोनी आकाशकंदील, गणपतीच्या मखराचा निमुळता कळस, या सगळ्यांत फळी धड उभीही नसते आणि धड आडवीही नसते. नवा माणूस अशा वेळी बाजू जितकी झुकवायची तोच आकडा करवतीच्या टेबलावर लावतो आणि पातं सवयीने ४५ वर ठेवतो. तीन कोपरे कसेबसे जुळतात, चौथा तोंड वासून बसतो. मग भुसा आणि फेविकॉल कालवून फट भरायची पाळी येते.

हे टाळता येतं. करवतीवर दोन आकडे लावायचे असतात, एक टेबलाचा आणि एक पात्याचा, आणि हे दोन्ही आकडे बाजूचा झुकाव आणि बाजूंची संख्या या दोघांवर मिळून ठरतात. झुकाव एका जागी आणि ४५ दुसऱ्या जागी, अशी सरळ वाटणी होत नाही. एवढं पक्कं झालं की पुढचं काम दहावीच्या त्रिकोणमितीत बसतं.

आधी शब्द ठरवून घेऊ. टेबलाचा कोन म्हणजे करवतीची मूठ धरून टेबल डावी-उजवीकडे फिरवतो तो, यालाच मायटर म्हणतात. पात्याचा कोन म्हणजे पातं एका बाजूला कलतं करतो तो, म्हणजे बेव्हल. झुकाव म्हणजे तयार वस्तूची बाजू उभ्या रेषेपासून किती बाहेर गेली आहे ते. ओळंबा सोडला आणि त्यापासून फळी १५ अंश लांब गेली, तर झुकाव १५. इथे एक सावधगिरी हवी. काही तक्ते हाच कोन जमिनीपासून मोजतात, म्हणजे आपले १५ तिथे ७५ होतात. कुठलाही तयार तक्ता वापरण्याआधी त्याने कोन कुठून मोजलाय ते बघाच.

आपण या लेखात एक परडी करू. चार बाजू, झुकाव १५ अंश, फळी १०० मिमी रुंद आणि १२ मिमी जाड, वरच्या तोंडाची बाहेरून लांबी ३०० मिमी. माप मुद्दाम लहान घेतलंय, कारण सरकणारा हात नसलेल्या साध्या १० इंची करवतीतही ही फळी एका दमात कापता येते.

टेबलाचा कोन कुठून येतो

फळी १०० मिमी रुंद आहे आणि १५ अंश झुकली आहे. तिची वरची कड खालच्या कडेपेक्षा किती बाहेर आली? १०० × साइन १५, म्हणजे १०० × ०.२५८८, म्हणजे २५.९ मिमी. शेजारची फळीही तेवढीच बाहेर गेली. चौकोनी वस्तू असल्यामुळे शेजारची फळी जितकी बाहेर गेली तितकंच आपल्या फळीचं वरचं टोक लांबायला हवं, नाहीतर कोपऱ्यात भोक राहील. दोन्ही टोकांना २५.९ मिमी. म्हणजे वरची कड ३०० असेल तर खालची २४८.२ मिमी. फळी आयताकृती राहिली नाही, समलंब चौकोन झाली.

आता ही फळी टेबलावर आडवी टाकून बघा. टोकाची रेषा १०० मिमी रुंदीत २५.९ मिमी सरकते. २५.९ भागिले १०० म्हणजे ०.२५९, आणि ज्या कोनाचा टॅन ०.२५९ आहे तो कोन १४.५ अंश. टेबल लावायचं ते इथे, १४.५ वर. १५ वर नाही आणि ४५ वर तर नाहीच.

बाजू सहा असतील तर शेजारची फळी काटकोनात नसते, म्हणून सरकणंही कमी होतं. २५.९ ला टॅन ३० ने गुणायचं. ३० आले १८० भागिले ६ मधून. चार बाजूंना १८० भागिले ४ म्हणजे ४५, आणि टॅन ४५ बरोबर १, म्हणून चौकोनात हा गुणाकार दिसलाच नाही.

पात्याचा कोन

याच्यासाठी दोन टोकाच्या अवस्था डोळ्यासमोर आणा. बाजू पूर्ण उभ्या, झुकाव शून्य, तेव्हा पातं ४५ वर. बाजू पूर्ण आडव्या पडल्या, झुकाव ९०, तेव्हा ती फोटोफ्रेम झाली. फ्रेमला पातं उभंच लागतं, म्हणजे शून्य, आणि टेबल ४५ वर जातं. परडी या दोघांच्या मधे आहे. झुकाव वाढेल तसा पात्याचा कोन ४५ वरून उतरत जातो आणि टेबलाचा शून्यावरून चढत जातो. पण ही चढ-उतर सरळ प्रमाणात होत नाही, म्हणून अंदाजाने जमत नाही. सूत्रं दोनच आहेत:

टेबलाचा कोन = इन्व्हर्स टॅन [ साइन(झुकाव) × टॅन(१८० ÷ बाजू) ]

पात्याचा कोन = इन्व्हर्स साइन [ कॉस(झुकाव) × साइन(१८० ÷ बाजू) ]

आपल्या परडीसाठी पात्याचा कोन: कॉस १५ म्हणजे ०.९६५९, साइन ४५ म्हणजे ०.७०७१, गुणाकार ०.६८३०, त्याचा इन्व्हर्स साइन ४३.१ अंश. टेबल १४.५, पातं ४३.१. हे दोन आकडे आधी फळीच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा.

मोबाइलचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की साइन-कॉसची बटणं येतात. इन्व्हर्ससाठी टॅनच्या डोक्यावर उणे एक असलेलं बटण असतं, काही फोनवर त्याआधी आयएनव्ही दाबावं लागतं. कॅल्क्युलेटर डिग्रीत आहे की रेडियनमध्ये, हे मात्र दरवेळी तपासायचं. साइन १५ दाबा. ०.२५८८ आलं तर ठीक. ०.६५ आलं तर तो रेडियनमध्ये आहे आणि पुढचं सगळं गणित चुकणार.

लाकूड

पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागवानाच्या फळ्या मिळतात, रंधून आणि हव्या त्या जाडीच्या करूनही घेता येतात. या कामाला पाच फूट फळी पुरते आणि चाचणीपुरता तुकडा उरतो. पहिली परडी मात्र पाइनची करा, हात बसला की सागाकडे वळा. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान वापरायचा मोह होतो आणि तो चांगलाच मोह आहे, कारण ते लाकूड वर्षानुवर्षं मुरलेलं असतं. फक्त त्यात मोडलेले खिळे असतात. लोहचुंबक फळीवरून सावकाश फिरवा. चुंबक जिथे ओढ घेईल तिथे आधी खिळा काढा, मगच करवत. पात्याचा कार्बाइडचा दाता खिळ्यावर आपटला तर तुटून उडतो.

या सांध्याला फळीच्या तीन गोष्टी लागतात. दोन्ही कडा एकमेकींना समांतर, जाडी सगळीकडे सारखी, आणि फळीला पीळ नाही. सपाट फरशीवर फळी ठेवून चारही कोपरे दाबून बघा. डुगडुगली तर ती दुसऱ्या कामाला ठेवा.

पावसाळ्यात आणलेली फळी लगेच कापू नका. पुण्यात जुलैमध्ये लाकूड दमट असतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात आटतं. दमट असताना घट्ट बसलेला सांधा उन्हाळ्यात उघडतो. घरात, भिंतीपासून सुटी, मधे पट्ट्या घालून दोन-तीन आठवडे राहू द्या.

करवत लावणं

बहुतेक मायटर सॉना १६ अँपिअरचा जाड प्लग लागतो. टीव्ही-मिक्सरच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर अडॅप्टर लावून चालवू नका. मशीनबरोबर येणारं पातं बऱ्याचदा कमी दात्यांचं असतं. अशा सांध्याला १० इंचात ६० दात्यांचं घ्या, रविवार पेठेतल्या बोहरी आळीत हत्यारांच्या दुकानांत चौकशी करा.

प्लग काढलेला ठेवून हे करा. टेबल शून्यावर आणा आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची पट्टी, लावून पातं मागच्या फेन्सशी, म्हणजे फळी टेकवायच्या उभ्या पट्टीशी, काटकोनात आहे का ते बघा. मग पातं उभं करून टेबलाशी काटकोनात आहे का ते बघा. गुण्या पात्याच्या पत्र्याला टेकला पाहिजे. दात पत्र्यापेक्षा बाहेर आलेले असतात, त्यावर टेकला तर माप खोटं येतं. इथेच अर्धा अंश फरक असेल तर पुढची सगळी आकडेमोड वाया जाते.

पात्याचा कोन लावायला चुंबकाचं डिजिटल अँगल गेज घ्या. पातं टेबलाशी काटकोनात उभं असताना ते पात्याला चिकटवून शून्य करा, ४३.१ दिसेपर्यंत पातं डावीकडे कलतं करा, घट्ट करा, आणि घट्ट केल्यावर परत वाचा. घट्ट करताना आकडा हलतो. फेन्सचा वरचा भाग सरकता असेल तर तो बाजूला घ्या आणि पातं हाताने खाली आणून कुठे अडत नाही ना ते पाहा.

टेबलाच्या कोनाला एक वेगळीच अडचण आहे. करवतीच्या टेबलाला १५ अंशांवर खाच असते. आपल्याला हवेत १४.५. मूठ सोडली की टेबल घसरून १५ च्या खाचेत जाऊन बसतं. खाच मोकळी ठेवायची कळ असेल तर ती वापरा, नसेल तर टेबल जागेवर दाबून धरून पुढचा नॉब आवळा. या मोजपट्टीवर अर्धा अंश डोळ्यांनी वाचण्यावर विसंबू नका. त्यापेक्षा १०० मिमी रुंदीच्या रद्दी फळीवर कट मारा आणि रेषा किती सरकली ते स्टीलच्या पट्टीने मोजा. २५.९ मिमी हवं. १५ अंश लागला असेल तर २६.८ येईल, जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक, आणि तो पट्टीवर स्वच्छ दिसतो.

कापणं

गॉगल, कानांना इअरमफ, तोंडाला मास्क. सागाचा बारीक भुसा घशाला आणि कातडीला झोंबतो. कलतं पातं फळीवरून जितकं दिसतं त्यापेक्षा जास्त डावीकडे येतं, म्हणून डावा हात पात्याच्या वाटेपासून वीतभर तरी लांब हवा, आणि फळी क्लॅम्पने धरलेली असेल तर सगळ्यात उत्तम.

नव्या माणसाचा गोंधळ होतो तो टोकांच्या दिशेत. एका टोकाला एक कल, दुसऱ्या टोकाला त्याचं प्रतिबिंब. दोन्हीसाठी टेबल इकडून तिकडे फिरवत बसलं तर प्रत्येक वेळी कोन नव्याने लावावा लागतो, आणि तो दोनदा अगदी तोच लागत नाही. मी नेहमी सांगतो की कोन एकदा लावा आणि मग करवतीला हातच लावू नका, काय फिरवायचं ते फळीला फिरवा. ते असं:

१. टेबलाची मूठ उजवीकडे १४.५, पातं डावीकडे ४३.१. लांब फळी डाव्या बाजूला, फेन्सला टेकवून. उजव्या टोकाचा थोडा भाग कापून टाका.

२. फळी तिच्या लांबीवर पालथी करा. वरचं तोंड खाली जाईल, तुमच्याकडची कड फेन्सकडे जाईल, पण उजवं टोक उजवीकडेच राहील.

३. आता वर दिसतं ते तोंड परडीचं बाहेरचं अंग, आणि फेन्सला टेकलेली कड म्हणजे परडीची वरची, लांब कड. त्या कडेवर उजव्या टोकाच्या टोचीपासून ३०० मिमी मोजून खूण करा आणि कट मारा. पहिली बाजू तयार.

४. परत पालथी करा, परत ३०० मोजा, परत कट. चार बाजू होईपर्यंत हेच.

पाच कटांत आठही टोकं तयार होतात, कारण एकच कट उजवीकडच्या तुकड्याचं डावं टोक आणि उरलेल्या फळीचं उजवं टोक दोन्ही बनवतो. यात फळीची दोन्ही तोंडं आळीपाळीने बाहेर येतात, म्हणून दोन्ही बाजू रंधलेल्या हव्यात. लांबीची खूण दरवेळी पहिल्या तुकड्यावरूनच घ्या. दुसऱ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून चौथा असं केलं की चूक साठत जाते. उजवीकडे स्टॉप, म्हणजे लांबी ठरवणारा अडता ठोकळा, लावणार असाल तर फळी स्टॉपला टेकवा, क्लॅम्प करा, मग स्टॉप काढून घ्या आणि नंतर कट मारा. तुकडा स्टॉप आणि फिरत्या पात्याच्या मधे अडकता कामा नये.

पातं पूर्ण वेगात आल्यावर खाली आणा, सावकाश. कट झाला की ट्रिगर सोडा, पातं पूर्ण थांबू द्या, मग वर उचला. फिरतं पातं वर घेताना तुकड्याच्या टोकाला चाटून जातं आणि सांध्याची धार तिथेच खराब होते.

जुळवून बघणं

खरी फळी कापायच्या आधी रद्दी लाकडाच्या चार छोट्या बाजू याच पद्धतीने कापून टेपने बांधा. एक कोपरा जुळला म्हणून खूश होऊ नका. पात्याचा कोन अर्धा अंश चुकला तर प्रत्येक टोकाला अर्धा, आठ टोकांचे मिळून चार अंश, आणि तुम्ही तीन कोपरे घट्ट दाबले की ते सगळे चौथ्यात जमा होतात. षटकोनात बारा टोकं, अष्टकोनात सोळा, म्हणून तिथे आणखी काटेकोर राहायला लागतं.

फट कुठे आहे त्यावरून चूक सापडते. आतल्या धारा टेकल्या आणि बाहेर फट राहिली तर पातं कमी कलतं झालंय, थोडं वाढवा. बाहेरून घट्ट आणि आतून फट असेल तर पातं जास्त कललंय. बाजू ठरलेल्या झुकावावर धरल्यावर फट वर मोठी आणि खाली बारीक, किंवा उलट, अशी निमुळती दिसत असेल तर टेबलाचा कोन तपासा. एका वेळी एकच कोन बदला, तोही अंशाचा दोन-तीन दशांश.

चिकटवणं

क्लॅम्प या आकाराला नीट बसत नाही, घसरतो. मास्किंग टेप सोपी पडते. चारही बाजू बाहेरचं अंग वर करून टोकाला टोक लावून मांडा. त्या सरळ रांगेत बसणार नाहीत, कमान करतील, तसंच व्हायला हवं. प्रत्येक सांध्यावर टेप ताणून लावा, सगळी माळ पालथी करा, खाचांत फेविकॉल लावा. ही टोकं म्हणजे लाकडाचे आडवे तोडलेले रेषे, ते फेविकॉल पिऊन टाकतात. म्हणून आधी पातळ हात, दोन मिनिटं थांबून दुसरा हात. मग दुमडत आणा, शेवटचा कोपरा टेपने बंद करा, कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे असले की परडी गुण्यात आहे. रात्रभर हलवू नका.

वाळल्यावर परडी टेबलावर ठेवली की ती खालच्या बाहेरच्या धारेवर उभी राहते आणि वरच्या कडा बाहेरच्या अंगाला उतरत्या दिसतात. बरोबर आहे, फळी झुकली तशा कडाही झुकल्या. १२ मिमी जाडीला हा फरक १२ × साइन १५, म्हणजे ३.१ मिमी, आपल्याकडच्या मापात एक सूत. सपाट प्लायवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून परडी त्यावर घासा, आधी बूड, मग पालथी करून तोंड. जाड फळी असेल तर रंधा घ्या. तळाला ६ मिमी प्लाय ठेवा, परडी त्यावर ठेवून बाहेरून रेघ मारा, कापा, चिकटवा. तळाला अखंड लाकडाची फळी पक्की चिकटवू नका, पावसाळ्यात ती रुंदीत फुगते आणि सांधे ढकलते.

बाकीच्या कामांचे आकडे

पहिला आकडा टेबलाचा, दुसरा पात्याचा, झुकाव उभ्या रेषेपासून.

चार बाजू: झुकाव १० ला ९.९ आणि ४४.१, २० ला १८.९ आणि ४१.६, ३० ला २६.६ आणि ३७.८, ४५ ला ३५.३ आणि ३०.

सहा बाजू: १० ला ५.७ आणि २९.५, १५ ला ८.५ आणि २८.९, ३० ला १६.१ आणि २५.७.

आठ बाजू: १० ला ४.१ आणि २२.१, १५ ला ६.१ आणि २१.७, ३० ला ११.७ आणि १९.४.

आकाशकंदिलाला सहा बाजू आणि ३० चा झुकाव छान दिसतो. वरचा आणि खालचा भाग एकाच मापाने कापून तोंडाला तोंड लावता येतं.

करवतीच्या टेबलावर ३१.६ आणि पात्याच्या पट्टीवर ३३.९ अशा वेगळ्या खुणा दिसतील. त्या छताच्या कडेला लावायच्या लाकडी कॉर्निससाठी आहेत, जी भिंतीपासून ३८ अंश झुकलेली असते. आपल्याच सूत्रात झुकाव ३८ आणि बाजू चार टाकून बघा, तेच दोन आकडे येतात. पण त्या खुणा भिंतीचा कोपरा नेमका ९० असेल तरच खऱ्या. पेठांमधल्या जुन्या घरांत, आणि नव्या फ्लॅटमध्येही गिलाव्याच्या जाडीमुळे, कोपरा ८८ किंवा ९२ निघतो. अशा वेळी सूत्रातल्या १८० ÷ बाजू या जागी, १८० मधून कोपऱ्याचा कोन वजा करून त्याचं निम्मं घाला. ९२ च्या कोपऱ्याला ते होतं ४४, आणि आकडे येतात टेबल ३०.७, पातं ३३.२. प्रत्येक कोपरा कोनमापकाने वेगळा मोजा आणि आकडे त्या कोपऱ्याजवळच भिंतीवर पेन्सिलीने लिहा, कॉर्निस लागल्यावर ते झाकले जातील अशा उंचीवर.